मोबदल्याचे पैसे एकदम गुंतवावे की हप्त्याहप्त्यानं?

आर्वीची_लेक

नमस्कार. आमच्या वावराचा एक तुकडा रस्त्याच्या कामात गेला आणि बाबांच्या खात्यात मोबदल्याचे ३६ लाख रुपये जमा झाले. बाबा ६४ वर्षांचे आहेत, आई घरीच असते. चार एकर कोरडवाहू उरलं आहे, त्यात कपाशी आणि तूर. भाऊ शेती पाहतो. मी आरोग्य खात्यात नोकरीला आहे आणि पगारातून तीन हजारांची एसआयपी करते, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडात टाकते.

घरात सगळ्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशेला आहेत. भाऊ म्हणतो, तुझ्या एसआयपीत फायदा दिसतो ना, मग हे सगळे पैसे एकाच दिवशी म्युच्युअल फंडात टाकून मोकळे होऊ. काका म्हणतात, वर्ध्याला प्लॉट घ्या. बाबांचं म्हणणं, पैशाला हातच लावू नका. त्यात एका बँकेचा माणूस घरी येऊन एक योजना समजावून गेला, वर्षाला पाच लाख भरायचे, पाच वर्षं. विमाही आणि गुंतवणूकही.

हा पैसा म्हणजे बाबांच्या आयुष्याची कमाई आहे, तो परत उभा होणार नाही. म्हणून विचारते, मी पगारातून करते तसं हप्त्याहप्त्यानं टाकणं बरं, की एकदम? नीट कारणासकट कोणी सांगेल का?

लोणारचा_पोरगा

ताई, आकडे तुमच्या भावाच्या बाजूनं आहेत. व्हॅनगार्ड या अमेरिकन फंड कंपनीनं २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तीन देशांच्या बाजारांचा जुना इतिहास तपासला. हातात असलेली रक्कम एकदम गुंतवली तर काय, आणि बारा महिन्यांत वाटून गुंतवली तर काय, अशी तुलना होती. सुमारे दोन-तृतीयांश वेळा एकदम गुंतवणारा पुढे राहिला.

कारण साधं आहे. बाजार पडण्यापेक्षा चढण्यात जास्त काळ घालवतो. चढत्या बाजारात तुमचा शेवटचा हप्ता पहिल्यापेक्षा महाग पडतो. समजा पाच महिने दहा-दहा हजार टाकले आणि फंडाच्या एका युनिटचा (हिश्श्याचा) भाव ५०, ५५, ६०, ६६, ७० असा चढत गेला. शेवटी तुमचे ५९ हजार झाले. पहिल्याच दिवशी पूर्ण ५० हजार टाकणाऱ्याचे ७० हजार झाले. तेव्हा थांबण्याची किंमत मोजावी लागते, हे विसरू नका.

मास्तर_पांढरकवडा

लोणारच्या भाऊ, तुमचंच उदाहरण उलटं करून पाहू. भाव ५०, ४०, २५, ४०, ५० असा गेला, तर हप्तेवाल्याकडे १३०० युनिट जमा होतात आणि त्याचे ५० हजाराचे ६५ हजार होतात. एकदम टाकणारा तिथंच, ५० हजारावर. भाव पडतो तेव्हा त्याच दहा हजारात जास्त युनिट येतात, सरासरी खरेदी स्वस्त पडते. एसआयपीचं सगळं बळ यातच आहे.

आणि हे काही कागदावरचं नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स (मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक) २१ हजारांच्या वर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात आठ हजारांच्याही खाली आला. साठ टक्क्यांहून मोठी पडझड. त्या जानेवारीत कोणी ३६ लाख टाकले असते, तर ऑक्टोबरातल्या त्या तळाला १४ लाखाच्या आत दिसले असते. २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी हा दुसरा निर्देशांक १२,४०० च्या वरून ७,५०० च्या आसपास आला, तेही दोन महिन्यांत. बाजार नंतर वर गेला हे खरं. पण ६४ वर्षांच्या कास्तकाराला तो आकडा पाहून झोप लागेल का? तो दुसऱ्याच दिवशी "काढ सगळे" म्हणेल, आणि तोटा तिथं पक्का होईल.

कास्तकार_दारव्हा

ताई, हे शेअरबाजाराचं मागून पाहू. पयले सांगा, घरावर कर्ज किती हाय? पीककर्ज नवंजुनं करत चाललं का? सावकाराचे हातउसने हायेत का? आमच्या इकडं सावकार शेकडा तीन रुपये महिना घेते, म्हणजे वर्षाचे छत्तीस टक्के. कोणता फंड देते छत्तीस टक्के दरसाल? ते फेडलं की तीच पयली गुंतवणूक झाली, आणि तिच्यात रिस्क बी नाही.

पीककर्जाचं मात्र येगळं हाय. तीन लाखापर्यंतचं पीककर्ज वेळेवर भरलं तं आपल्या राज्यात व्याज शून्य पडते, पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून. ते वेळेत भरा आणि पुन्हा उचला. ते कायमचं बंद करून मोबदल्याचा पैसा तिथं घालवाचं काही काम नाही.

दुसरं. हे हप्ता हप्ता जे सांगतेत ना, ते पगारवाल्यासाठी हाय. आमचा पैसा दसऱ्यापासून होळीपर्यंत येते. सोयाबीन आधी, मंग कापूस, मंग तूर, हरभरा. मिरगात बियाणं-खताले खिसा रिकामा होते. तिथं दर महिन्याच्या पाच तारखेले बँक दोन हजार कापाले येते आणि खात्यात निघतेत दोनशे. हप्ता वापस, वरून बँकेचा दंड. तुमच्या भावाले सांगा, स्वतःची एसआयपी करशीन तं हे पाहूनच कर.

बचतगट_मूल

दारव्ह्याच्या दादांचं अगदी बरोबर आहे. आमच्या धानाच्या पट्ट्यात तर पैसा वर्षातून एकदाच, धान विकलं की. तरी गटातल्या बायका दर महिन्याला शंभर-दोनशे भरतातच, मजुरीतून, दुधातून, कोंबड्यांतून. रक्कम लहान असल्यामुळे चुकत नाही. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे सहा हजार, दोन-दोन हजारांच्या हप्त्यांनी येतात. गटातल्या काही जणी ते आले की लगेच पोस्टात नाहीतर फंडात टाकतात, कारण खात्यात राहिले की संपतात.

ताई, मला वेगळीच काळजी वाटते. आमच्या भागात कोळसा खाणीचा मोबदला मिळालेली घरं मी पाहिली आहेत. बाजार पडून कोणाचे पैसे गेले नाहीत. गेले ते चारचाकीत, लग्नात, आणि "सहा महिन्यांत देतो" म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे. काही घरांत पुन्हा मजुरी सुरू झाली. मोठी रक्कम बचत खात्यात उघडी पडून राहणं हाच मोठा धोका आहे. तुमचा निर्णय एकदमचा असो की हप्त्याचा, आधी ते पैसे त्या खात्यातून हलवा.

हिशोबनीस_वाशीम

सहकारी बँकेत आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो.

मूलच्या ताईंचा मुद्दा पुढे नेतो. पैसा कोणत्या बँकेत आहे ते आज तपासा. बँकेतली ठेव, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेत एका माणसाची पाच लाखांपर्यंतच विम्याच्या कवचाखाली असते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी एकच लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हे कवच मुळीच नाही, मग ती कितीही जास्त व्याज देवो. विदर्भातल्या सहकारी बँकांत लोकांच्या ठेवी अडकलेल्या आपण पाहिल्या आहेत. म्हणून ३६ लाख एकाच ठिकाणी, त्यातही लहान बँकेत, ठेवू नका.

आता मूळ प्रश्न. ताई, तुमची पगाराची एसआयपी आणि बाबांचे ३६ लाख, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे पुढच्या वर्षाचा पगार आज नाहीच. जसा येतो तसा तुम्ही टाकता. तिथं एकदम की हप्त्यानं, हा प्रश्न उठतच नाही. बाबांकडे मात्र सगळा पैसा आज हातात आहे, म्हणून निवड करावी लागते. "एसआयपी चांगली की एकरकमी" या वादात अर्धे लोक ही गल्लत करतात.

दुसरी गल्लत परताव्याची. समजा एकानं एक लाख वीस हजार सात टक्क्यांनी वर्षभर ठेवले, त्याला ८,४०० व्याज मिळालं. दुसऱ्यानं दर महिन्याला दहा हजार आरडीत (आवर्ती ठेवीत) भरले, त्याला साडेचार हजारांच्या आसपास मिळालं. दुसरा येऊन म्हणतो, आरडीत नुकसान आहे. नुकसान कुठलं? त्याचा शेवटचा हप्ता एकच महिना ठेवीत होता. एसआयपी आणि एकरकमी यांची तुलना करताना हेच होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बारा महिन्यांत वाटून टाकले तर बारा महिन्यांनी काय होतं? सगळे पैसे बाजारातच असतात. तेराव्या महिन्यात २००८ सारखी पडझड आली, तर हप्तेवाला आणि एकदमवाला यांना जवळजवळ सारखाच फटका. हप्ता धोका पुढे ढकलतो, नाहीसा करत नाही. म्हणून "कसे टाकावे" याच्या आधी "किती टाकावे" हे ठरवायचं असतं. पुढची सात-आठ वर्षं ज्याला हात लावावा लागणार नाही आणि जो अर्धा झालेला दिसला तरी बाबा शांत राहतील, तेवढाच पैसा शेअरबाजाराच्या फंडात जावा. माझ्या मते तुमच्या घरी तो ३६ लाखांचा पाव हिस्सा असावा, त्याहून जास्त नको. एवढा छोटा हिस्सा ठरला की एकदम टाकला काय नि वर्षभरात टाकला काय, घर मोडत नाही.

कास्तकार_दारव्हा

हिशोबनीस साहेब, पटलं. पण एक विचारतो. आम्ही कापूस बी असाच विकतो. थोडा आत्ता, थोडा संक्रांतीले, थोडा उलंगवाडीनंतर. एकदम विकला आणि भाव चढला तं जीव जळते. २०२१ चा कापूस ज्यानं राखला त्याले २०२२ च्या उन्हाळ्यात क्विंटलमागं दहा हजाराच्या वर भेटले. ते पाहून पुढच्या सालात सगळ्यांनी घरात गंजी लावल्या, तं भाव खालीच उतरत गेला आणि लेकराबायांच्या अंगाले खाज सुटली ते येगळंच. टप्प्यानं विकला तं दोन्हीकडून मधात राह्यतो. पैशाचं बी तसंच करावं ना?

हिशोबनीस_वाशीम

दादा, मन शांत ठेवण्याच्या बाबतीत ते तंतोतंत लागू पडतं. टप्प्यानं केलं की "सगळं चुकलं" असं कधी म्हणावं लागत नाही.

पण एक फरक आहे. कापूस घरात ठेवून वाढत नाही. वजन उतरतं, प्रत उतरते, उंदीर आणि आगीचं भय. त्याचा भाव वर जावा असं मागून ढकलणारं काही नसतं. शेअरबाजारात चांगल्या कंपन्या दरवर्षी नफा कमावतात आणि तो पुन्हा धंद्यात घालतात, त्यामुळे लांब पल्ल्यात बाजाराला वरचा कल असतो. म्हणूनच लोणारच्या भाऊंनी सांगितलेला अभ्यास एकदम टाकणाऱ्याच्या बाजूनं गेला. कल वरचा असताना थांबणं महाग पडतं. मात्र हा कल पाच-सात वर्षांचं आश्वासन नाही. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये जिथं होता, ती पातळी त्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडली. चौतीस वर्षं. तिथं हप्त्यानं टाकत राहिलेल्यांना मधल्या स्वस्त भावांचा आधार तरी मिळाला.

लोणारचा_पोरगा

"किती" आधी, हे मला मान्य. मी पुण्यात आयटीत आहे, माझं वय आणि पगार धरून मी बोलत होतो, तुमच्या बाबांचं वय धरून नाही.

ताई, टप्प्यानं टाकायचं ठरलं तर एसटीपी (सिस्टिमॅटिक ट्रान्सफर प्लॅन) करा. पूर्ण रक्कम आधी लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या रोख्यांचा, कमी चढउताराचा फंड) ठेवायची आणि तिथून दर महिन्याला ठरलेली रक्कम इक्विटी, म्हणजे शेअरबाजाराच्या, फंडात आपोआप जाते. दोन्ही फंड एकाच कंपनीचे लागतात. खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत जाण्याचा प्रश्न नाही, आणि मधल्या काळात बचत खात्यापेक्षा सहसा जास्त मिळतं. फक्त हे लक्षात ठेवा की लिक्विड फंडातून निघणारा प्रत्येक हप्ता आयकराच्या दृष्टीनं विक्रीच असते, त्यातला नफा उत्पन्नात धरला जातो. आणि इक्विटीत गेलेल्या प्रत्येक हप्त्याचं एक वर्ष वेगळं मोजलं जातं. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतर वर्षाकाठी सव्वा लाखांपर्यंत माफ आणि पुढे साडेबारा टक्के. जुलै २०२४ पासून हे दर आहेत.

भावासाठी एक माहिती. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते गेले नाहीत तर ती रद्द होते, तिमाहीचे दोन. शेतकऱ्यानं तिमाही घ्यावी किंवा कापसाचा चुकारा हातात आला की जमेल तेवढी रक्कम एकदाच टाकावी. फंडात पैसे टाकायला एसआयपीच लागते असं मुळीच नाही.

संत्रा_वरुड

मोबदल्यावर कर लागेल का, हे कोणी विचारलं नाही म्हणून लिहितो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली निवाडा झाला असेल तर कलम ९६ प्रमाणे त्या रकमेवर आयकर नाही. आयकर खात्याच्या २०१६ च्या परिपत्रकातही ते स्पष्ट केलं आहे. पण थेट खरेदीखत करून जमीन दिली असेल तर कागद वेगळे असतात, ते सीएला दाखवा. आणि त्या पैशावर पुढे मिळणारं व्याज किंवा नफा हे शेतीचं उत्पन्न नव्हे, त्यावर कर लागतो. बरेच कास्तकार "आपल्याला कर नाही" या समजुतीत राहतात आणि मग नोटीस येते.

त्या बँकवाल्याच्या योजनेबद्दल: ती युलिप, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी, असेल. पाच वर्षं पैसे अडकतात. १ फेब्रुवारी २०२१ नंतर घेतलेल्या युलिपचा वर्षाचा हप्ता अडीच लाखांच्या वर असेल तर मुदतीनंतरचा नफा करमुक्त राहत नाही, आणि तुम्हाला तर पाच लाखांचा हप्ता सांगितला आहे. ६४ व्या वर्षी विम्याचा खर्चही जास्त कापला जातो. घेऊच नका. सही झाली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

मास्तर_पांढरकवडा

आणि बाबांसाठी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना विसरू नका. साठीनंतर उघडता येते, ३० लाखांपर्यंत, पाच वर्षांची. व्याज ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी खात्यात. १५ लाख ठेवले तर तिमाहीला ३०,७५० रुपये. जुलैच्या सुरुवातीला येणारं व्याज नेमकं खताच्या दिवसांत हाती पडतं. वर्षाचं व्याज लाखाच्या वर जातं, म्हणून व्याजातून आधीच कर (टीडीएस) कापला जाऊ नये यासाठीचा फॉर्म द्यायला सांगा, बाबांच्या एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल तर.

प्लॉटबद्दल एवढंच: एनए (अकृषक) आदेश, मंजूर नकाशा आणि फेरफार पाहिल्याशिवाय इसारही देऊ नये. गरज पडली तर प्लॉटचा कोपरा विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही.

आर्वीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबा, आई आणि भावाला समोर बसवून हा धागा वाचून दाखवला. "किती" आधी ठरवायचं, हे बाबांना सगळ्यात जास्त पटलं.

कर्ज विचारलं होतं म्हणून सांगते. सावकाराचे आणि दुकानदाराच्या उधारीचे मिळून चार लाख निघाले, त्यातले काही मलाही माहीत नव्हते. ते या आठवड्यात फेडतो, चिठ्ठ्या परत घेऊन. १५ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, बाबांच्या नावानं, नॉमिनी आई. पाच लाख मुदत ठेवीत, दोन बँकांत वाटून, दवाखाना आणि नापिकीसाठी. तीन लाख विहीर आणि ठिबकला, ते भावाचं म्हणणं होतं आणि बरोबर होतं, चार एकर ओलीत झालं तर उत्पन्नच वाढेल. उरलेले नऊ लाख फंडात.

या नऊ लाखांवर भाऊ आणि बाबांचं जुळत नव्हतं. भाऊ म्हणे एकदम, बाबा म्हणे वर्षभरात. शेवटी साडेचार लाख आत्ता आणि साडेचार लाख एसटीपीनं, महिन्याला ३७,५०० प्रमाणे. हिशोबनीस काका, हे अर्धं-अर्धं करणं हिशोबात बसतं का?

हिशोबनीस_वाशीम

बसतं. सरासरीनं पूर्ण एकदम टाकण्यापेक्षा थोडं कमी मिळायची शक्यता, आणि वाईट वर्ष निघालं तर थोडा कमी त्रास. घरातली दोन माणसं त्यावर राजी आहेत, याची किंमत त्या थोड्या फरकापेक्षा मोठी आहे.

दोन गोष्टी. पहिली, बाजार पडला म्हणून एसटीपी मधेच थांबवू नका, तेव्हाच तिचा उपयोग असतो. ही बाब बाबांना आत्ताच सांगून ठेवा. दुसरी, एकच मोठा निर्देशांक फंड (सेन्सेक्स-निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा) पुरे, थेट योजनेतला, म्हणजे मध्यस्थाचं कमिशन जात नाही. केवायसीला बाबांच्या पॅन आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं असं फार असतं.

आर्वीची_लेक

आधारवर बाबांचं आडनाव वेगळं लिहिलेलं आहे. सोमवारी सेवा केंद्रात दुरुस्तीला नेते, मग पोस्टात.